त्रेचाळीस चिठ्ठ्या

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये 'फिशपॉन्ड' नावाचा एक प्रकार असतो. कुणाबद्दलही निनावी चिठ्ठी लिहायची, डब्यात टाकायची आणि निवेदकाने ती माईकवर वाचायची. याचं मराठी नाव जास्त छान आहे : शेलापागोटे. पूर्वी शेला आणि पागोटं देऊन माणसाचा मान करायचे. इथे कापडाऐवजी दोन ओळी मिळतात, आणि मान होतो की फजिती, ते लिहिणाऱ्यावर अवलंबून.

आमच्या शाळेत ही पद्धत नव्हती. आमचे मराठीचे सर ती घेऊन आले. फेब्रुवारी २०१३, दहावीचा निरोप समारंभ आठवड्यावर आला होता. दरवर्षी त्यात काय होतं, हे सगळ्यांना पाठ होतं. तीन हुशार मुलांची भाषणं, एका मुलीचं रडत रडत गाणं, शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट आणि शेवटी आलूपोंगे. बाकीची मुलं फक्त फोटोत. सरांनी विचारलं, "पोट्टेहो, तीन जन बोलतात, चाळीस जन बसतात. निरोप कोनाचा असते मंग?"

मग त्यांनी खडूच्या रिकाम्या खोक्यात त्रेचाळीस रोल नंबर टाकले. प्रत्येकाने एक उचलायचा आणि त्या मुला-मुलीवर दोन ओळी लिहायच्या. कुणी सुटणार नाही, कुणाला दोन मिळणार नाहीत. नियम तीन : रंगारूपावर लिहायचं नाही, जातीवर लिहायचं नाही, घरच्या गरिबीवर लिहायचं नाही. "आनि काम?" मागून एकाने विचारलं. सर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "कामावर हसू नका. कामातल्या कसबावर लिहा."

आमची शाळा भंडारा-पवनी रस्त्यावरची. आजूबाजूच्या सात-आठ गावांची मुलं तिथे येत. कुणी धानाच्या बांध्यांमधून सायकलने, कुणी जंगलाच्या कडेने पायी, आणि वैनगंगेकडच्या मुली मानव विकास मिशनच्या निळ्या बसने. त्या बसची परतीची वेळ सव्वापाच होती. ती चुकली तर मुलींना रात्री घरी जायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे समारंभाचा क्रम पाहुण्यांनी नाही, एसटीने ठरवला. बसच्या मुलींच्या चिठ्ठ्या आधी, भाषणं नंतर.

मी इथे कुणाचंही नाव लिहीत नाही. काहींची आडनावं आता बदलली आहेत, आणि ज्यांची बदलली नाहीत त्यांना विचारल्याशिवाय त्यांना इंटरनेटवर आणणं मला बरं वाटत नाही. चिठ्ठ्या मात्र जशाच्या तशा देतो.

दप्तर उघडा हिचं, पुस्तक शोधून सापडेना,
शिंगाडे मात्र इतके की डबा काही झाकेना.

ही ढिवरांच्या घरातली. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुने मालगुजारी तलाव गावोगावी आहेत, आणि त्यांतली मासेमारी आणि शिंगाड्याची शेती ढिवर समाजाच्या हातात. दसरा झाला की तिच्या डब्यात उकडलेले शिंगाडे यायचे. काळे, दोन शिंगांचे, बाहेरून ओबडधोबड आणि आत पांढरेशुभ्र. ती खिडकीजवळ बसायची, कारण सालं बाहेर टाकायला सोपं.

ती शिंगाडे फुकट देत नसे. पाच शिंगाड्यांना भूमितीचं एक सोडवलेलं प्रमेय, असा भाव होता. दिवाळीनंतर माल वाढला की भाव उतरायचा, आणि एक प्रमेय द्या, दहा न्या, असं व्हायचं. मागणी-पुरवठा हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकात आला, तेव्हा आम्हाला तो आधीच येत होता. शिंगाडा चाखून ती तलाव सांगायची. "हा आमचा नाही, हा खालच्या बोडीतला, याला गाळाचा वास येते." आम्ही तिची परीक्षा घ्यायला मुद्दाम दुसरीकडचे आणून बघितले. एकदाही चुकली नाही.

चिठ्ठी वाचली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "झाकेना तं उघडाच ठेवते, घ्या." डबा खरंच आणला होता. फेब्रुवारीत शिंगाडे संपलेले असतात, म्हणून आत वाळवून ठेवलेले होते.

फळ्यावरचा 'ळ' हिने डस्टरविना पुसला,
'डोळा' म्हणा सांगितलं, तर 'डोरा' होऊन बसला.

झाडीबोलीत 'ळ' नाही आणि 'ण' नाही. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, आणि बैलांचा सण पोरा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात लाखो लोक हे बोलतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर या बोलीचा अभ्यास केला, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. शाळेत आम्हाला एवढंच माहीत होतं की प्रकट वाचनात 'र' म्हटलं की मार्क जातात.

आम्ही बाकीचे घरी एक आणि वर्गात दुसरं बोलायला शिकलो होतो. ती शिकली नाही. तिला 'ळ' म्हणता येत नव्हता असं नाही. एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले, तेव्हा तिने अख्खा उतारा असा स्वच्छ वाचला की आम्ही वळून बघत राहिलो. ते गेल्यावर मी विचारलं, येतं तर रोज का नाही म्हणत? ती म्हणाली, "पाहुन्यापुढं नवी चादर टाकतेत, म्हनून का रोज तिच्यावरच झोपतेत?"

ऑफिसमध्ये मी दिवसातून चार वेळा चादर बदलतो. क्लायंटशी एक, मॅनेजरशी दुसरी, टीममध्ये तिसरी, आईशी फोनवर चौथी. तिच्याइतकं सोपं करून कुणी मला ते सांगितलेलं नाही.

रात्रभर स्टेजवरती राजाला झोप नाही,
सकाळच्या तासाला राजाला जाग नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते. मंडई म्हणजे गावची जत्रा, पाहुणे, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडताना संपतं. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगावी प्रयोग करत फिरतात, आणि काही गावांत पोरांचं स्वतःचं हौशी मंडळ असतं. हा तशा मंडळात होता. नववीत त्याला दोन वाक्यांचा शिपाई मिळाला. दहावीत एक म्हातारा आजारी पडला आणि याला राजा मिळाला.

त्याचं पाठांतर अफाट होतं, फक्त ते पुस्तकाच्या बाबतीत चालत नसे. मग आम्ही युक्ती केली. इतिहासाची उत्तरं त्याला संवाद म्हणून द्यायची. हिटलर एक, चर्चिल एक, आणि एका मुलाला राष्ट्रसंघ केलं. त्या चाचणीत त्याला वीसपैकी सतरा मिळाले. राष्ट्रसंघ झालेल्या मुलाला नऊ. सर म्हणाले, "बरोबर आहे, राष्ट्रसंघाचं असंच झालं होतं."

समारंभात त्याने राजाच्या आवाजात आभार मानले आणि जांभई दिली. ती खरी होती की अभिनय, यावर अजून मतभेद आहेत.

सत्तरचा पाढा झोपेतही हा घडाघडा बोले,
सतराचा विचारा, की मान खाली घालून डोले.

सत्तरच का? कारण तेंदूपत्त्याचा एक पुडा सत्तर पानांचा असतो. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. मे महिन्यात त्याचं सगळं घर पहाटे जंगलात जायचं, दुपारी पुडे बांधायचं आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर नेऊन मोजून द्यायचं. मोजणीच्या वेळी आई त्याला पुढे करायची. चौथीपासून.

त्याच्या गावामागचं जंगल २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं. आम्ही दहावीत असताना त्याच्या गावात रोज हीच चर्चा : पुढच्या वर्षी मोहफुलाला जाऊ देतील की नाही, पान तोडू देतील की नाही. मोहाची फुलं पडतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. पेपरच्या दिवशीसुद्धा तो पहाटे टोपलीभर मोह वेचून यायचा. त्याच्या कपड्यांना गोड, आंबूस वास असायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये डोळे मिटूनही मी सांगू शकलो असतो की तो आला आहे.

गणितात त्याला कधी फार मार्क मिळाले नाहीत. पण काळ, काम, वेगाची गणितं तो सूत्राशिवाय सोडवायचा आणि सरांना वर विचारायचा, "पन सर, हे अ आनि ब दोघं मिळून काम करतेत, तं मजुरी कोन घेते?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं.

याच्याविषयी काय लिहावं, सुचता सुचत नाही;
हातातला पेन त्याचाच आहे, तेवढी करतो सही.

प्रत्येक वर्गात एक असा असतो. शेवटून दुसरा बाक, भिंतीची बाजू. प्रश्न विचारला की उभा राहतो, उत्तर येत असलं तरी हळू बोलतो, नसलं तर आणखी हळू. त्याच्याकडे कायम चार पेन असायचे, कारण तीन जण मागणार हे त्याने धरलेलं असायचं. परत मिळायची अपेक्षा नव्हती.

कार्यक्रम झाला की सतरंज्या कोण गुंडाळायचं, तर तो. त्याला कुणी सांगत नसे. फोटोत तो कडेला अर्धा आहे, कारण फोटोच्या वेळी खुर्च्या लावत होता आणि शेवटच्या क्षणी धावत आला. त्याच्या चिठ्ठीवर सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. तो उभा राहिला, हसला आणि बसला. त्याने काहीच म्हटलं नाही.

हिला पत्ता विचारू नका, हिचे पत्ते दोन,
एक ठाऊक पोस्टमनला, दुसरा सांगेल कोण?

ही बसची मुलगी, म्हणून प्रत्यक्षात ही चिठ्ठी सुरुवातीलाच वाचली गेली होती. मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

तिचं गाव गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातलं. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी केलं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. ३३ दरवाज्यांचं धरण. आम्ही सहलीला जाऊन ते मोजले होते. ज्याचं पाणी शेतात येणार त्याच्यासाठी ती चांगली गोष्ट होती. पण पाणी अडलं की मागे फुगतं, आणि मागे तिचं गाव होतं. ती आठवीत असताना घर नव्या गावठाणावर आलं. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, नावाची पाटी आणि झाडं जवळपास नाहीत.

ती वर्गातली सगळ्यांत खोडकर मुलगी होती, हे सांगायलाच हवं, नाहीतर वरचा परिच्छेद वाचून तुम्ही तिला बिचारी करून टाकाल. सरांच्या चष्म्याच्या डबीत तिने बेडूक ठेवला होता. हजेरीच्या वेळी ती गैरहजर मैत्रिणींच्या आवाजात 'हजर' म्हणायची, प्रत्येकीचा आवाज वेगळा. प्रार्थनेत हळूच वेगळी चाल लावायची, आणि अख्खी रांग तिच्या मागे जायची.

पण तिच्या एका वहीच्या मागच्या पानांवर एक यादी होती. जुन्या गावातली घरं, ओळीने. मोबदल्यासाठी पंचनामा झाला तेव्हा ती वडिलांच्या मागे मागे फिरली होती. साहेब लिहून घेत होते : घर इतके चौरस फूट, विहीर एक, आंब्याची झाडं चार. तिने विचारलं, "ओटा?" साहेब म्हणाले, तो घरातच धरलाय. तिने विचारलं, "ओट्यावर कोन बसते ते?" सगळे हसले. मग तिने स्वतःची यादी केली. पंचनाम्यात जे येत नाही, त्याची.

निरोप समारंभात मुली रडत होत्या. ही रडली नाही. शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, "गाव सोडून झालं माझं. शाळेचं का घेऊन बसली?" आणि मग सरांनी तिची चिठ्ठी वाचली. 'दुसरा सांगेल कोण?' यावर टाळ्या पडणार, तेवढ्यात ती उठली.

"मी सांगतो ना, सर." आमच्याकडे मुलीही कधी कधी 'सांगतो' म्हणतात.

आणि तिने पत्ता सांगितला. एक मिनिटभर, न थांबता, वही न बघता. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सरांनी शिपायाला खुणेने पाठवलं, की थांबवा. बस थांबली. माझ्या आठवणीत ती बस कुणासाठी थांबल्याची ती एकच वेळ.

त्यानंतर मार्च आला, पेपर झाले, आणि जूनमध्ये निकाल लागला. पवनीच्या एका कॅफेत रांगेने उभं राहून आम्ही आपापले आकडे बघितले. तोपर्यंत ज्याला आम्ही राजा म्हणत होतो तो एकोणपन्नास टक्के झाला. सत्तरचा पाढा छप्पन्न झाला. मी सत्त्याऐंशी झालो आणि नागपूरला गेलो, मग इंजिनीअरिंग, मग पुणे. गावात अजूनही माझी ओळख कुणाला करून देताना आई आधी टक्के सांगते. गुणपत्रिका खोटी नसते. पंचनामाही खोटा नसतो. विहीर एक होती, आंबे चार होते. पण त्या कागदावर जे लिहिलं जात नाही ते नव्हतंच, असं हळूहळू सगळे धरून चालतात, आणि काही वर्षांनी ज्याच्याबद्दल लिहिलं तोसुद्धा तसंच धरून चालतो.

गेल्या वर्षी आमच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. कुणीतरी लिहिलं, सगळ्यांनी ओळख द्या. सुरू झालं : अमुक, सध्या पुणे, आयटी. तमुक, नागपूर, बँक. एक, सैन्यात. दोन-तीन दिवसांत लक्षात आलं, की ज्यांच्याकडे असं एका ओळीत मावणारं काही नाही, ते काहीच लिहीत नाहीत. वाचतात, निळी खूण दिसते, बस. आणि बऱ्याच मुली तर ग्रुपवरच नव्हत्या. लग्न झालं, नंबर बदलला, आडनाव बदललं. शोधायचं म्हटलं तरी कोणत्या नावाने?

तिसऱ्या दिवशी रात्री चार पेनवाल्याने काही न लिहिता फोटो टाकायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, बारा. चिठ्ठ्यांचे. त्या संध्याकाळी सतरंज्या गुंडाळताना त्याने टेबलावरच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. बारा वर्षं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. कागद पिवळा पडलेला, काहींना वाळवीने कोपऱ्यात कुरतडलेलं, पण अक्षर स्पष्ट.

ग्रुप त्या रात्री दोनपर्यंत जागा होता. जे तीन दिवस गप्प होते ते बोलले. सत्तरच्या पाढ्याने व्हॉइस मेसेजवर सत्तरचा पाढा म्हटला. राजाने जांभई पाठवली. शिंगाडेवालीचा नंबर तिच्या भावाकडून मिळाला, आणि ग्रुपवर येताच तिने विचारलं, "प्रमेय कोनाकडे बाकी आहे?" ते बाकी माझ्याकडे होतं. आता कोण काय करतं, हे मला त्या रात्री बहुतेकांबद्दल कळलं, पण ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते लिहायला बाकी सगळे कागद आहेत. माझी चिठ्ठीही त्यात होती : "प्रश्न एक विचारा, उत्तरं याची चार, वर म्हणतो, सर, पाचव्याचाही करू का विचार?" माझ्या कोड रिव्ह्यूवर रोज येणाऱ्या तक्रारी याहून वेगळ्या नाहीत.

दोन पत्त्यांच्या मुलीचा नंबर कुणाकडेच निघाला नाही. नव्या गावठाणावरून ते कुटुंब पुढे कुठेतरी गेलं, एवढंच एकाने सांगितलं. तिची चिठ्ठी डब्यात आहे. तिची वही कुठे असेल माहीत नाही. पण त्या संध्याकाळी तिने जे सांगितलं, ते आम्ही ग्रुपवर मिळून आठवलं. एकाला सुरुवात आठवत होती, एकीला मधलं, मला शेवट. दोन ठिकाणी वाद झाले, तिथे मतदान घेतलं. जुळवून झालं ते असं :

नदीकडून वर या. उतारावर पहिला वड, त्याला दोर बांधून ठेवलेला, तो कुणाच्या मालकीचा नाही, ज्याला झोका घ्यायचा त्याचा. वडापासून डाव्या हाताला ढिवर मोहल्ला, जाळी वाळत टाकलेली असतील, वाकून जा. मग मारुती. मारुतीच्या पाठीमागे विहीर, तिचं पाणी मचूळ आहे, प्यायचं नाही. तिथून तीन घरं सोडा. पहिल्यात म्हातारी आहे, ती 'कोनाचा रे?' विचारेल, वडिलांचं नाव सांगा, नाहीतर जाऊ देत नाही. दुसरं बंद असते. तिसऱ्यात कुत्रं आहे, भुंकते, चावत नाही. चौथं आमचं. ओट्यावर आजोबा बसले असतील. त्यांना ऐकू कमी येते, जोरात बोला.